टाकी एकाची, काटा दुसऱ्याचा

'बसतंय' आणि 'चालतंय' हे दोन शब्द उद्या सरकारनं कायद्यानं बंद केले, तर परवा सकाळी निम्मी मुंबई घरात बसून राहील. आपल्याकडे जे बसतं ते चालतं, आणि जे चालतं त्याला कुणी विचारत नाही. जावयाला सासऱ्याचा कोट बसला की तो त्याचा. धाकट्याला थोरल्याचे बूट पुढे कापूस घालून बसले की ते धाकट्याचे. इथपर्यंत माझी तक्रार नाही. मी स्वतः वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत काकांची विजार नेसलेला माणूस आहे. पण हेच तत्त्व जेव्हा पेट्रोलच्या टाकीला लावतात, तेव्हा एका बी.कॉम. झालेल्या आणि बँकेत पंचवीस वर्षं ताळेबंद जुळवलेल्या इसमाला गप्प बसवत नाही. म्हणून हा लेख. वाचकहो, हा लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

भांडणाचं मूळ आमच्या मेहुण्यांच्या दारात उभं आहे. अंधेरी पूर्वेला, गुंदवलीच्या बाजूला त्यांची जुनी सोसायटी आहे. तिथं पार्किंगच्या दोन जागा अडवून एक जीप उभी असते. मागे सामानाचा हौदा असल्यामुळे मेहुणे तिला 'पिकअप' म्हणतात. सोसायटीचे सेक्रेटरी तिला 'ते' म्हणतात. "ते कधी हलवणार?" असा प्रश्न दर वार्षिक सभेत विषयपत्रिकेबाहेर येतो. गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी आहे, पण तिचे गुडघे माझ्याआधी गेले.

या जातीच्या जुन्या जीपगाड्यांत पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. म्हणजे चालक अक्षरशः पेट्रोलवर बसतो. अमेरिकेतल्या 1972 पर्यंतच्या कित्येक पिकअप गाड्यांत ती आसनाच्या मागे, केबिनमध्येच असायची. एकूण काय, त्या काळात पेट्रोल घरातल्या माणसासारखं जवळ बसायचं. टाकी गळली तर पहिली बातमी चालकाच्या पँटला कळायची. आमच्या मेहुण्यांना ती तशीच कळली.

टाकी गंजली होती. अंधेरीची हवा खारी, पावसाळा चार महिन्यांचा, आणि गाडी वर्षातून पंधरा दिवस चालणार. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते, पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी जाऊन बसतं आणि तिथून पत्रा खायला लागतं. त्यात पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. देशानं 2022 साली दहा टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आणि 2025 साली वीस टक्क्यांचा. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. ते पाणी ओढून घेतं, जुनी रबरं मऊ करतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून पुढे पाठवतं. नव्या गाड्या त्या बेतानं बनवतात. जुन्या गाडीला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

नवी टाकी मिळेना. मग मेहुणे कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर गेले. सोबत मला नेलं, कारण माझा रविवार हा आमच्या घरात सार्वजनिक मालमत्ता समजला जातो.

मुंबई म्हणजे जुन्या गाड्यांची सोयऱ्यांनी भरलेली वाडी. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना 1928 साली आला आणि 1954 साली गेला. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं 1947 पासून डॉज आणि फार्गोच्या गाड्या जुळवल्या. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत माझगावला जीप जुळवायला घेतली. म्हणजे याच शहरात तीन-चार घराण्यांच्या गाड्या जन्मल्या, आणि प्रत्येक घराण्याची टाकी, काटा, विजेचं माप वेगळं. कुणी सहा व्होल्टवर चालायचं, कुणी बारा. ही सगळी घराणी म्हातारपणी भंगाराच्या बाजारात एकत्र आली. पुढच्या पिढ्यांचे भागही त्यात मिसळले. पत्रिका कुणाचीच उरलेली नाही. अशा बाजारात आपण टाकी निवडतो ती एकाच कसोटीवर : लांबी-रुंदी.

लांबी-रुंदी जुळली. टाकी दुसऱ्याच कुठल्याशा पिकअपची होती. दुकानदारानं तिच्यावर बोटं वाजवून दाखवली, जशी नारळवाला दाखवतो. मेहुण्यांनी खुश होऊन पैसे दिले.

आंबोलीकडच्या उस्तादानं ती दुपारभरात बसवली. एक पट्टी ठोकून वाकवली, दोन भोकं नवी पाडली, भरायच्या नळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला आणि हात पुसत निकाल दिला, "बैठ गया ना साब? तो फिर चलेगा."

मी विचारलं, "आणि काटा?"

"काँटा भी चलेगा."

चालला. पण उलटा.

पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली आणि डॅशबोर्डवरचा काटा सावकाश खाली येऊन रिकाम्यावर टेकला. मेहुण्यांनी काचेवर टिचकी मारली. आपल्याकडे न चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला हा पहिला उपचार करतात. काटा हलला नाही. आठवडाभर गाडी फिरली तसतसा तो वर चढू लागला, आणि पेट्रोल संपत आलं तेव्हा 'भरलेली'वर दिमाखात उभा राहिला. पेट्रोल जितकं कमी तितका काटा समाधानी. मला आमचे एक जुने शाखाधिकारी आठवले.

आता यातलं शास्त्र सांगतो. कॉमर्सच्या माणसाला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. टाकीत एक फ्लोट असतो. म्हणजे एक पोकळ डबी, दांडीच्या टोकाला बांधलेली. पेट्रोलबरोबर डबी वरखाली होते, आणि दांडीचं दुसरं टोक एका तारेच्या वेटोळ्यावर सरकतं. त्यामुळे विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो. तो ओहममध्ये मोजतात. डॅशबोर्डवरचा काटा पेट्रोल बघत नाही. तो फक्त ओहम बघतो आणि त्यावरून अंदाज सांगतो. म्हणजे फ्लोट हा पासबुक भरणारा आणि काटा हा ते वाचणारा. दोघांची भाषा एक असेल तरच शिल्लक खरी.

आणि भाषा एक नसते! अमेरिकेतल्या एका घराण्यात टाकी रिकामी तर 73 ओहम आणि भरली तर 10. दुसऱ्या घराण्यात रिकामी तर शून्य आणि भरली तर 90. युरोपातली एक रीत रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180 म्हणते. आता पहिल्या घराण्याचा काटा आणि तिसऱ्या घराण्याचा फ्लोट यांचं लग्न लावा. फ्लोट सांगतो "दहा", म्हणजे "मी रिकामा". काटा ऐकतो "दहा", म्हणजे "भरलेली". दोघंही प्रामाणिक, दोघंही तब्येतीनं ठणठणीत, आणि संसार खोटा. आमच्या पिकअपमध्ये नेमकी हीच जात होती की नाही ते माहीत नाही, पण सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियननं मीटर लावून दाखवलं : फ्लोट वर गेला की ओहम वाढत होते, आणि काट्याला ते कमी झालेले हवे होते. फक्त टाकी अर्धी असली की दोघांचं एकमत व्हायचं. पुष्कळ संसारांत तेवढंही होत नाही, असं सौ. म्हणाली.

मी म्हटलं, "मेहुणे, टाकीसोबत तिचाच काटा आणा, नाहीतर आपला जुना फ्लोट या टाकीत घाला."

मेहुणे म्हणाले, "कशाला खर्च? उलटं वाचायचं."

आणि घरात उलटं वाचायची वहिवाट पडली. इथंच मला संताप येतो तो. टाकी बदलली याचा नाही. चूक सापडल्यावर ती दुरुस्त करण्याऐवजी तिची सवय लावून घेतली, याचा. बँकेत असल्या गोष्टीला आम्ही 'तात्पुरती नोंद' म्हणतो. संध्याकाळी बारा रुपयांचा फरक आला की एका कोपऱ्यातल्या खात्यात तो टाकतात, उद्या बघू म्हणून. मी अशी एक तात्पुरती नोंद पाहिली आहे. ती माझ्या आधी नोकरीला लागली होती आणि तिला बहुधा माझ्यानंतर पेन्शन मिळेल. ती का केली, हे ज्याला माहीत होतं तो निवृत्त होऊन रत्नागिरीला गेला. जुगाडाचं दुखणं हेच. तो गाडीत नसतो, कुणाच्यातरी डोक्यात असतो. डोकं बाजूला झालं की गाडी अनाथ.

2023 च्या जुलैत मेहुणे पुण्याला गेले होते. जाण्याआधी त्यांनी पिकअप ब्रेकसाठी उस्तादाकडे टाकली होती. ती परत आणायला त्यांचा मुलगा गेला. उस्ताद भला माणूस. त्याच्याकडे त्या टाकीला जुळणारा एक काटा योगायोगानं आला होता, तो त्यानं स्वतःहून, फुकट बसवला आणि "साब का काँटा सीधा कर दिया" असं सांगितलंही. मुलाच्या कानात त्या वेळी गाणं होतं.

दोन दिवसांनी रात्री साडेदहाला सासूबाईंचा फोन. सासऱ्यांना श्वास लागला होता. बाहेर पाऊस असा, की समोरची इमारत आहे यावर विश्वासच ठेवावा लागत होता. रिक्षा नाही. मोबाइलवरच्या टॅक्सीवाल्यानं दोनदा हो म्हणून तीनदा नाही म्हटलं. शेवटी 'ते' कामाला आलं. सासऱ्यांना पुढे बसवलं, भाचा गाडी चालवायला, मी मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली. काटा तळाशी होता. भाचा आनंदानं ओरडला, "काका, टाकी फुल्ल!" मीही मान डोलावली. अभ्यासू माणूस ना मी! ओहमसुद्धा पाठ होते.

दवाखाना पश्चिमेला. अंधेरीत पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणं हे एरवीही सीमोल्लंघनच. त्यातून सबवे नेहमीप्रमाणे पाण्याखाली आणि गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 पासून बंद. म्हणजे उत्तरेला जोगेश्वरी नाहीतर दक्षिणेला पार्ले. आम्ही पार्ल्याची वाट धरली. हायवेवर पाऊण तास रांगत गेलो आणि पुलाच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. काटा तळाशीच होता. म्हणजे तो गेले दोन दिवस आमच्याशी खरं बोलत होता. आम्हीच ते उलटं वाचत होतो.

खोट्या काट्याचा सगळ्यांत मोठा तोटा हा, वाचकहो. तो तुम्हाला फसवतो तेवढ्यावर भागत नाही. उद्या कुणी खरं सांगायला आलं, तरी तुम्ही ते खोटं म्हणून वाचता.

सासरे खिडकीला धरून श्वास घेत होते. बोलत नव्हते. सासरे बोलत नाहीत हे मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही. एक मोटारसायकलवाला पोरगा थांबला. त्यानं काही न विचारता नळी काढली, आपल्या टाकीतून पाण्याच्या बाटलीत दीडेक लिटर काढून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि नाव सांगायच्या आत गेला. आम्ही पोहोचलो. डॉक्टरांनी मास्क लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "इतका उशीर का केलात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. पण 'काटा सुधारला म्हणून' हे उत्तर कुठल्या डॉक्टरला देता येतं?

सासरे आठ दिवसांनी घरी आले. मी मात्र त्या रात्रीपासून या 'बसतंय'वाल्यांच्या विरोधात उभा आहे.

कुणी म्हणेल, हे आपल्या गचाळ देशातच व्हायचं. तसंही नाही. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एक बोइंग 767 विमान एकेचाळीस हजार फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. का? इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीतलं माप खालून हातानं घेतलं. लिटर बरोबर निघाले. पण त्यांचं वजन काढताना किलोच्या जागी पौंडाचा आकडा वापरला, कारण कंपनी त्या वेळी एका मापातून दुसऱ्यात जात होती. गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन ते विमान उडालं. वैमानिकानं ते घारीसारखं तरंगवत गिम्ली नावाच्या गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. तिथं त्या वेळी मोटारींच्या शर्यती भरत होत्या. 69 माणसं वाचली. फ्लोटनं एक भाषा बोलायची, काट्यानं दुसरी ऐकायची. दुखणं तेच. फरक इतकाच की त्यांनी चौकशी समिती नेमली आणि आमच्या मेहुण्यांनी "होतं असं कधीकधी" म्हटलं.

आणि लांब कशाला जायचं? ज्या गोखले पुलानं आम्हाला त्या रात्री पार्ल्याला पाठवलं, त्याचंच बघा. 26 फेब्रुवारी 2024 रोजी त्याची एक बाजू खुली झाली, आणि अंधेरीकरांनी जाऊन पाहिलं तो शेजारचा बर्फीवाला पूल खाली आणि हा वर. मध्ये दीड मीटरहून अधिक अंतर. हाही पूल मजबूत, तोही मजबूत. पण एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला लागेना. शेवटी जॅक लावून बर्फीवाल्याचा भाग उचलला आणि जुलैत दोघं जुळले. गोखले पूल पुरा व्हायला 2025 चा मे उजाडला. फोटो पाहून मी मेहुण्यांना म्हटलं, "बघा, तुमची टाकी आणि तुमचा काटा." मेहुणे म्हणाले, "पण शेवटी बसलं ना?" अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा पंचवीस वर्षांच्या तात्पुरत्या नोंदी जुळवणं सोपं.

समोरच्या पक्षाचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. ते म्हणतात, नवे भाग मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, मग माणसानं काय करावं? गाडी भंगारात द्यावी? 2021 साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं सरकारी धोरण जाहीर झालं तेव्हापासून मेहुण्यांना मी त्या धोरणाचा हस्तक वाटतो. तसं नाही हो! टाकी बदलायला माझी हरकत नाही. मध्यमवर्गाचा जन्मच एकाची टाकी दुसऱ्याला लावण्यात जातो. माझं म्हणणं एवढंच की टाकी आणा तर तिचा फ्लोट आणि काटा जोडीनं आणा. जोडी फोडायचीच असेल तर बसवण्याआधी फ्लोट हातानं वरखाली करून मीटरवर ओहम बघा. दहा मिनिटांचं काम आहे. काटा चुकतोय म्हणून लगेच टाकी बदलायला धावू नका. पुष्कळदा टाकीखाली नवं रबर घातलेलं असतं, टाकीला जाड रंग फासलेला असतो, आणि बिचाऱ्या फ्लोटचं अर्थिंगच तुटलेलं असतं. एक वीतभर तार टाकीपासून सांगाड्याला जोडली की काटा शुद्धीवर येतो. कधी फ्लोटच्या डबीला भोक पडून ती पेट्रोल पिऊन तळाशी बसलेली असते. तिच्या पापाची शिक्षा टाकीला नको.

आणि एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगतो. जुनी टाकी 'रिकामीच तर आहे' म्हणून तिला कुणी गॅसची ज्योत लावायला निघाला, तर त्याचा हात धरा. मी कुर्ल्याहून परतताना एका दारात हे होता होता राहिलेलं पाहिलं आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी, कारण पेट्रोल संपतं पण त्याची वाफ राहते, आणि वाफेला पेटायला हवा लागते ती आता आत भरपूर असते. टाकी नीट धुऊन, वाफ पूर्ण घालवून, जाणत्या माणसाकडेच जोडकाम करून घ्यावं. इथं 'चालतंय' म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा म्हणायला उरत नाही.

शेवटची मागणी बँकेच्या माणसाची : जे काही बदललं ते लिहून ठेवा. कुठली टाकी, कुणाचा फ्लोट, काटा सरळ की उलटा. आपण असू नसू, गाडी चालवणारा कुणीतरी असेल आणि शेजारी बसलेल्याला कदाचित श्वास लागलेला असेल.

मेहुण्यांनी माझं हे शेवटचं मात्र ऐकलं. आता डॅशबोर्डवर माझ्या लेजरच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'काटा खरा आहे. सरळ वाचावा.' खाली सही, तारीख, आणि सवयीनं शिक्कासुद्धा मारला.

सासरे आता बरे आहेत. म्हणजे पुन्हा बोलू लागले आहेत. परवा त्यांनी विचारलं, "जावईबापू, या वर्षी तरी बढतीचं काही?" मी म्हटलं, "नक्की होईल, बाबा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे सरळ वाचायचं, की उलटं?"